नेटवर्क डिझाईनच्या परीक्षेचं 'पास गॅरंटी' पॅकेज घेताय? आधी हे वाचा

सिस्को ह्या नेटवर्क कंपनीच्या डिझाईन परीक्षेची तयारी करणाऱ्यांसाठी लिहितोय, माझे पैसे गेले, तुमचे तरी वाचू देत.

एका ऑनलाईन क्लासने ३००-४२० म्हणजे ईएनएसएलडी ह्या सध्याच्या डिझाईन परीक्षेसाठी व्हिडिओ, नोट्स, सराव परीक्षा आणि वर 'नापास झालात तर पूर्ण पैसे परत' असं पॅकेज दाखवलं, पैसे आधी घेतले आणि मग आत काय भरलंय ते कळलं. व्हिडिओ सगळे जुन्या ३००-३२० आर्च परीक्षेचे, नुसता पहिल्या स्लाईडवरचा नंबर बदललेला! ती परीक्षा सीसीडीपीची, आणि सीसीडीए, सीसीडीपी ही डिझाईनची दोन्ही सर्टिफिकेट सिस्कोने २४ फेब्रुवारी २०२० लाच बंद केली. ओळखायची खूण सांगतो, जुन्यात डेटा सेंटरचा मोठा भाग होता, ईएनएसएलडीत तो नाही, इथे एसडी-अ‍ॅक्सेस, एसडी-वॅन (सॉफ्टवेअरने चालवायची नेटवर्क), नेटकॉन्फ, यांग (नेटवर्क ऑटोमेशनची साधनं) असलं आलंय, आणि त्यातलं एक अक्षर त्या कोर्समध्ये नव्हतं.

सराव परीक्षा म्हणजे तर सरळ डम्प, खऱ्या परीक्षेतले चोरलेले प्रश्न निघाले, तेही चुकीच्या उत्तरांचे. हब-अँड-स्पोक म्हणजे एका मुख्य ऑफिसला शाखा जोडलेल्या नेटवर्कमध्ये, ईआयजीआरपी ह्या राऊटिंग प्रोटोकॉलच्या क्वेरी (हरवलेल्या मार्गाची चौकशी) पसरू नयेत म्हणून स्पोक म्हणजे शाखांचे राऊटर स्टब करायचे, म्हणजे त्यांना ती चौकशी जातच नाही, हे अगदी मूळ, तिथे ह्यांचं उत्तर काय तर टायमर वाढवा. कारण कुठेच दिलेलं नाही. अरे डिझाईनच्या परीक्षेत 'हेच का' हेच तर विचारतात, कंपनीची गरज दिलेली असते, तिला बसेल ते निवडायचं असतं. शिवाय डम्प वापरल्याचं सापडलं तर सिस्को निकाल रद्द करू शकतं, सर्टिफिकेटही काढून घेऊ शकतं, हे विकताना कोणी सांगत नाही. मला सगळ्यात जास्त राग ह्याचाच आहे, नोकरीसाठी धडपडणाऱ्या पोरांचं करियर हे लोक पणाला लावतात.

पैसे परत मागितले तर म्हणे आधी परीक्षा द्या, नापास व्हा, स्कोअर रिपोर्ट पाठवा, मग म्हणे आमच्या सराव परीक्षेतले मार्क कमी आहेत, आणि एवढं करूनही पैसे नाहीच, दुसरा कोर्स घ्या. ह्यातली एकही अट पैसे भरताना दाखवली नव्हती. आता मेसेजला उत्तरच नाही.

परीक्षेचे टॉपिक्स सिस्कोच्या साईटवर फुकट मिळतात, कोणाचाही कोर्स घ्यायच्या आधी धड्यांची यादी मागा आणि ओळ न् ओळ जुळवून बघा, द्यायला टाळाटाळ केली तर पैसे देऊ नका. सीसीडीपी करून देतो म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवा. कार्डने भरले असतील तर चॅट, पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट घेऊन लगेच बँकेत डिस्प्यूट (पैसे परत मिळवायची तक्रार) टाका, त्याला मुदत असते.