ऑक्सिजनसह की ऑक्सिजनविना?

पेशी ग्लुकोजपासून ऊर्जा दोन मार्गांनी मिळवते: ऑक्सिजनसह किंवा ऑक्सिजनविना. सुरुवात दोन्हीकडे सारखीच: पेशीत ग्लुकोजच्या रेणूचे दोन तुकडे होतात, एटीपीचे (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचे) निव्वळ २ रेणू हाती लागतात. ऑक्सिजनविना मामला इथेच आटोपतो, उरतं लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचं रूप). ऑक्सिजन असेल तर तुकडे तंतुकणिकेत (मायटोकाँड्रियात, पेशीच्या ऊर्जाघरात) जातात आणि एटीपीचा एकूण आकडा ३०-३२ च्या घरात पोचतो. मग ऑक्सिजनविना मार्ग कुचकामी? मुळीच नाही. १०० मीटर धावताना स्नायूंना एटीपी आत्ताच्या आत्ता हवं असतं. तिथे वेगात तोच सरस. (गंमत म्हणजे ऑक्सिजन वाहणाऱ्या तांबड्या पेशीही त्याच्यावरच जगतात, त्यांच्यात तंतुकणिकाच नसतात!) मॅरेथॉनला मात्र ऑक्सिजनचाच मार्ग तारतो, कारण तो चरबीही वापरतो. दुसऱ्या दिवशीच्या अंगदुखीचं खापर लॅक्टेटवर फोडू नका; ते तासाभरात ओसरतं, काही यकृतात पुन्हा ग्लुकोज बनतं.