ऑर्ग-मोडमध्ये दहा महिने: एका टिंबाने चुकवलेली तारीख

जुलैच्या बिलात सोसायटीने मागील महिन्याचे व्याज लावलेले पाहिले, तेव्हा मी तडक कार्यालयात जाऊन वाद घातला. ईमॅक्स या मजकूर-संपादकात कामे आणि तारखा नोंदवण्याची जी ऑर्ग-मोड नावाची सोय आहे, तिच्या अजेंड्यात, म्हणजे कामांच्या तारीखवार यादीत, मेंटेनन्सची मुदत १५ जून होती आणि पैसे मी १३ जूनलाच भरले होते, त्यामुळे चूक त्यांचीच असणार याविषयी मला शंका नव्हती. कार्यालयातील गृहस्थांनी बिलावरची छापील तारीख दाखवली: १० जून. व्याज किरकोळ होते. परंतु ज्या ऑर्ग-मोडच्या भरवशावर मी आठवणींचे वार्षिक वर्गणीचे ॲप बंद केले, त्यानेच मला चुकीची तारीख दाखवावी, हे मनाला फार लागले.

घरी येऊन ईमॅक्समध्ये ती नोंद उघडली. आवर्ती काम 'झाले' अशी खूण केली की ऑर्ग-मोड मुदत पुढे सरकवतो आणि काम केव्हा झाले ते त्याच नोंदीखाली लिहून ठेवतो. त्या ओळी वाचताच उलगडा झाला. एप्रिलपर्यंत मी दरमहा ८-९ तारखेला पैसे भरत होते, म्हणून दोष दिसलाच नव्हता. मे महिन्यात गावाहून परतायला उशीर झाला, पैसे १५ तारखेला भरले, आणि जूनची मुदतही १५ तारखेवर जाऊन बसली. कारण तारखेपुढे 'दर महिना' लिहिताना मी अधिकचिन्हाच्या आधी एक टिंब दिले होते (+1m ऐवजी .+1m).

हे टिंब नीट समजून घेतल्याशिवाय कोणीही पैशांची नोंद करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. नुसते एक अधिकचिन्ह असेल तर मूळ तारखेत बरोबर एक महिना मिळवला जातो. तीन हप्ते थकले असतील तर तीनदा 'झाले' म्हणावे लागते, आणि हप्त्यांच्या बाबतीत तेच योग्य आहे. दोन अधिकचिन्हे दिल्यास तारखेचा आकडा कायम ठेवून मुदत थेट भविष्यात नेली जाते, म्हणजे मधले चुकलेले महिने गळून जातात. टिंब आणि अधिकचिन्ह मिळून मात्र मोजणी काम केल्याच्या दिवसापासून सुरू होते. पाण्याच्या फिल्टरची कॅन्डल आज बदलली की पुढची आजपासून तीन महिन्यांनी, येथे टिंब हवेच. मी पहिल्याच आठवड्यात कॅन्डलची ओळ नक्कल करून तिचीच मेंटेनन्सची ओळ केली होती.

ऑर्ग-मोडविरुद्ध कडक अभिप्राय लिहायचा, असे त्या दुपारी मी ठरवले होते. आता ते मत राहिलेले नाही. साध्या मजकुराची फाइल असल्यामुळे चूक माझ्या डोळ्यांसमोर अक्षरात उभी होती आणि एक टिंब खोडून आणि तारीख पुन्हा १० करून ती दुरुस्त झाली. जुन्या ॲपमध्ये तारीख का सरकली, हे मला कधी कळलेच नसते.

एक उणीव मात्र खरी आहे. गणेशचतुर्थीला 'दर वर्षी' असे कोणतेही चिन्ह लावून उपयोग नाही. २०२५ मध्ये ती २७ ऑगस्टला होती, यंदा अधिक ज्येष्ठामुळे १४ सप्टेंबरला आहे. ईमॅक्सच्या दिनदर्शिकेला हिब्रू, इस्लामी, चिनी, अगदी माया कालगणनाही येते, पण आपले पंचांग तिच्या मूळ संचात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. रेल्वेचे आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी उघडते, म्हणून १२ सप्टेंबरच्या कोकणच्या गाडीसाठी १४ जुलै, सकाळी ८ ही नोंद मी पंचांग पाहून हाताने केली.

संगणकावरची आठवण ईमॅक्स चालू असेल तरच येते, त्यामुळे तीच फाइल मी सिंकथिंग या फाइल जुळवणाऱ्या प्रोग्रामने फोनवर नेते आणि ऑर्ग-मोडच्या फाइली वाचणाऱ्या ऑर्गझ्ली रिव्हाइव्ड या ॲपमधून सूचना घेते. या सगळ्याला एक रुपयाही पडत नाही. मुदतीची पूर्वसूचना मुळातच १४ दिवस आधी सुरू होते, ती मी तशीच ठेवली आहे. १० ऑगस्टचे मेंटेनन्स २७ जुलैपासून अजेंड्यात दिसू लागेल, आणि आता तिथे एकच अधिकचिन्ह आहे.