टॅक्सची नोकरी : कारखान्यात की सीए फर्ममध्ये?

सोलापुरात टॅक्सचं काम येणाऱ्या पगारदारापुढे साधारण दोनच दारं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्याचं अकाउंट्स, नाहीतर गावातली सीए फर्म. मी दोन्हीकडे पगार घेतलाय.

पगार कारखान्यात बरा. वीस तारखेला 3बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, गेला की जरा उसंत. फर्ममध्ये सप्टेंबर म्हणजे टॅक्स ऑडिटची धावपळ, रात्रीसुद्धा डबाच.

कायदा मात्र दोन्हीकडे सारखाच. सल्ला चुकला तर भरपाई सहसा मालकावर किंवा फर्मवर येते. पण खोटं आहे हे ठाऊक असून रिटर्नला हातभार लावला, तर 31 मार्च 2026 पर्यंत लागू असलेल्या 1961 च्या आयकर कायद्याचं कलम 278 'हा पगारी होता' म्हणून सोडत नव्हतं. चुकवलेला कर 25 लाखांच्या वर असेल तर त्यात शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं कैदेची होती. शिवाय सीए असाल तर नोकरीत कळलेली गोष्ट मालकाच्या परवानगीविना बाहेर बोलणं हे गैरवर्तन. कायद्यानेच मागितली तर गोष्ट वेगळी. म्हणजे हाती उरतं काय, तर नाही म्हणायचं आणि तसं म्हटल्याचा कागद ठेवायचा.

कारखान्यात नेमका तोच कागद होत नव्हता. 1961 च्याच कायद्यात 43बी(एच) हे कलम आल्यावर लहान उद्योगांचे पैसे 15 दिवसांत, करार असेल तर फार तर 45 दिवसांत द्यायचे, नाहीतर 31 मार्चला थकलेल्या रकमेची त्या वर्षी वजावट नाही. जानेवारीत रंगून आलेल्या सुताचं डाइंगवाल्याचं बिल मालकांना मार्चच्या तारखेचं करून हवं होतं, म्हणजे 31 मार्चला ते थकलेलं दिसणार नाही. मी मेल केला, हे चालणार नाही. उत्तर फोनवर : "तारखेचं काय घेऊन बसलाय ओ, सगळेच करतात." मेलला मेलने उत्तर कधीच नाही. आणि मालकांच्या डिजिटल सहीचा टोकन (पेनड्राइव्हसारखा, तो लावला की ऑनलाइन सही होते) माझ्याच ड्रॉवरमध्ये! उद्या विचारणा झाली तर रिटर्न माझ्या कॉम्प्युटरवरून गेलेलं, मालकांचा शब्द मात्र हवेत.

फर्ममध्ये अशीच मागणी एका पार्टीकडून, म्हणजे क्लायंटकडून, आली. सर एवढंच म्हणाले, "लेखी द्या म्हणावं." लेखी काही आलं नाही; थकलेली रक्कम 3सीडीत, म्हणजे टॅक्स ऑडिटच्या अहवालात, दिसली; सही आणि यूडीआयएन (सीएच्या सहीसोबतचा ओळख क्रमांक) सरांचं. पार्टी गेली, माझा पगार चालू राहिला. कारखान्यात पार्टी एकच असते, आणि पगार तीच देते.

सगळ्याच फर्म अशा नसतील, आणि लेखी व्यवहार करणारे मालकही असतीलच. तसे मिळाले तर कारखाना खुशाल धरा. फक्त मुलाखतीत टोकन कुणाकडे राहतो, तेवढं विचारून घ्या.