चकचकीत स्क्रीन, उघडी पडवी: मॅट फिल्म चिकटवायची की अडकवायची?

लॅपटॉप घेऊन झालाय, स्क्रीन चकचकीत आहे आणि दिवसा तिच्यात एक्सेलपेक्षा स्वतःचं तोंडच जास्त दिसतं, अशांसाठी हे लिहितोय. मॅट फिल्म, म्हणजे चमक मारणारा खडबडीत पातळ प्लास्टिकचा पापुद्रा, लावायची एवढं ठरलं की पुढे प्रश्न एकच उरतो. पूर्ण चिकटणारी घ्यायची, की कडेच्या पट्ट्यांत अडकवून हवी तेव्हा काढता येणारी? मी दोन्ही वापरल्या आहेत, देवगड तालुक्यातल्या आमच्या घराच्या पडवीत. पडवीत बसायची हौस आहे असं नाही. माजघरात मोबाइलला रेंज नाही, हॉटस्पॉट धड चालतो तो पडवीच्या एका कोपऱ्यात, खांबाला खेटून. काजूवाल्यांची जीएसटी रिटर्न वीस तारखेच्या आत जायला हवीत, त्यामुळे टेबल रेंज असेल तिथे लागतं. उजेड कुठून येतो हे कोण विचारतो!

‘टेबल फिरव की’ हा सल्ला तुम्हालाही मिळेल. फुकट आहे, आधी करून बघाच. भिंतीला पाठ आणि अंगणाकडे तोंड केलं की आभाळाचं प्रतिबिंब जातं. पण समोर लख्ख उजेड असल्यामुळे डोळे दिपतात आणि स्क्रीन काळवंडल्यासारखी वाटते. वर मागची चुन्याची भिंत आणि अंगातला पांढरा बनियन स्क्रीनमध्ये येऊन बसतात. (गडद रंगाचा शर्ट घाला. थट्टा नाही, फरक पडतो.) पावसाळ्यात झड आली की लॅपटॉपची पाठ भिजते ती वेगळीच.

थोडं गणित. उघड्या काचेवरून साधारण ४ टक्के उजेड परत फिरतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दिवसाच्या ढगाळ आभाळाची प्रखरता काही हजार निट्स असते (निट हे प्रखरता मोजायचं एकक). ५,००० धरली तर ४ टक्के म्हणजे २०० निट्स झाले, आणि बऱ्याच साध्या लॅपटॉपची स्क्रीन पूर्ण ब्राइटनेसला २५० ते ३०० निट्सच देते. मॅट फिल्म हा उजेड गिळत नाही, नुसता विसकटते. माडाच्या झावळ्या रेखीव दिसायच्या तिथे फिकट धुरकटपणा येतो आणि नजर झावळ्यांत न अडकता आकड्यांवर टिकते. थेट ऊन स्क्रीनवर येत असेल तर मात्र कुठलीच फिल्म उपयोगाची नाही, सगळी स्क्रीन दुधाळ होते. तिथे झाप बांधायचा.

आता अडकवायची फिल्म. कागदावर हीच जिंकते. दोन्ही बाजूंच्या कडांना छोट्या पट्ट्या चिकटवायच्या, त्यांत फिल्म सरकवायची, संध्याकाळी उजेड गेला की काढून ठेवायची. लावताना बुडबुडे नाहीत, चुकण्याची धास्ती नाही. काढल्यावर मूळ स्क्रीन जशीच्या तशी. पहिला आठवडाभर मी भेटेल त्याला हीच घ्या म्हणत होतो, कारण तेव्हा हवा कोरडी होती.

हवा दमट झाली आणि चट्टे सुरू झाले. फिल्म आणि काच यांच्यात हवेची पातळ फट असते. आमच्याकडे मेअखेरपासून दमटपणा इतका वाढतो की फिल्म मधेच कुठेतरी काचेला धरते आणि बाजूला सुटलेली राहते. धरलेला भाग ओला असल्यासारखा गडद दिसतो. त्याच्या कडेने रंगीत वलयं उमटतात, शाळेत न्यूटनची वलयं म्हणून शिकलो तीच. चट्टा नेमका मधल्या कॉलमवर यायचा. फिल्म काढायची, दोन्ही बाजू पुसायच्या, परत सरकवायची. अर्ध्या तासाने चट्टा नव्या जागी हजर. समुद्र जवळ असल्याने खाऱ्या हवेचा चिकटपणाही त्या फटीत जातो, म्हणजे नुसतं कोरडं फडकं मारून भागत नाही. बाकी सगळ्या गोष्टी मी चालवून घेतल्या असत्या. पण बेरीज ताडून बघताना आठावर वलय आलं की तो तीन वाटतो, आणि मग पूर्ण रकाना पुन्हा वाचावा लागतो. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

याच फटीचा आणखी एक तोटा आहे. फिल्मची आतली बाजू आणि खालची काच असे परत फिरवणारे दोन जादा पृष्ठभाग तयार होतात. चिकटणाऱ्या फिल्ममध्ये गोंद ती फट भरून काढतो, त्यामुळे खालच्या काचेची चमक जवळपास संपते. पडवीत दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या तर चिकटवलेल्या फिल्मखालचा काळा रंग मला जास्त काळा वाटला. यंत्राने मोजलेलं नाही, डोळ्याचा अंदाज आहे.

चिकटवायची फिल्म सोपी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. हापूसच्या दिवसांत रस्त्यावरून पिकअप गेली की जांभ्याची तांबडी धूळ घरभर होते, आणि फिल्मखाली एक कण अडकला की त्याच्याभोवती मोहरीएवढा बुडबुडा कायमचा मुक्कामाला येतो. म्हणून फिल्म पावसात लावायची, तीही न्हाणीघरात. दार लावून गरम पाण्याच्या दोन बादल्या ओतायच्या, वाफ बसू द्यायची. हवेतली धूळ खाली बसते. मग लॅपटॉप आत आणायचा, बंद करून, चार्जर काढून. स्क्रीन पुसायची, कणावर चिकटपट्टी टेकवून उचलायची, फिल्मचा मागचा कागद एका कडेने दोन बोटं सोलायचा आणि जुनं एटीएम कार्ड फडक्यात गुंडाळून हळूहळू पुढे सरकायचं. कण दिसला तर तिथेच थांबून फिल्म उचला, चिकटपट्टीने कण काढा. बहुतेक फिल्मचा गोंद सिलिकॉनचा असतो, एखाद-दुसऱ्यांदा उचलल्याने बिघडत नाही.

हिचा खरा दोष म्हणजे रवाळपणा. पांढरं पान थिजलेल्या तुपासारखं दिसतं, बारीक चमचमणारे दाणे असल्यासारखं. फिल्मचा खडबडीतपणा पिक्सेलच्या मापाशी भिडला की असं होतं, म्हणून पिक्सेल जितके बारीक तितका त्रास जास्त. १५.६ इंची फुल एचडी स्क्रीनवर, म्हणजे इंचाला १४१ पिक्सेल, मला दोन दिवसांत दाणा दिसेनासा झाला. १४ इंची २८८० बाय १८००वर इंचाला २४३ पिक्सेल बसतात, तिथे नाजूक डोळ्यांना तो टोचेल. पण अडकवायची फिल्म पिक्सेलपासून आणखी लांब असते, त्यामुळे तिच्यात दाणा कमी नव्हे, जास्तच दिसतो आणि अक्षरंही जरा पसरतात.

बोटांचं तेल ही दोन्हींची सारखी डोकेदुखी. खडबडीत पृष्ठभागात तेल भरलं की तेवढाच भाग पुन्हा चकचकीत होतो. फणस कापलेल्या हाताने स्क्रीन उघडली तर चीक काढायला खोबरेल लावावं लागेल आणि मग ते खोबरेल काढत बसाल. त्यापेक्षा हात धुऊन या.

मालवणला माझा मामेभाऊ लग्नाचे फोटो एडिट करतो. त्याचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे: ‘अरे, फिल्म काढल्याशिवाय मला रंगच समजत नाहीत. नवरीचा शालू लाल की राणी, तूच सांग!’ तो रात्री खोलीत फिल्म काढून काम करतो, दिवसा अडकवून मेल बघतो. रंगाचं काम असेल, लॅपटॉप कंपनीचा असेल किंवा खोलीत एसी असेल तर अडकवायची घ्यायला माझी हरकत नाही. फक्त पातळ लॅपटॉपवर कडेच्या पट्ट्या जपून लावा. स्क्रीन आणि कीबोर्डमध्ये जागा फार कमी असते. ॲपलने २०२० मध्ये कॅमेऱ्यावरच्या झाकणाबद्दल सांगताना ०.१ मिलिमीटरची, म्हणजे साध्या कागदाएवढी जाडी चालेल म्हटलं होतं. त्यावरून कल्पना करा.

आकडे, अक्षरं, फॉर्म भरणं, ऑनलाइन वर्ग हे काम असेल आणि जागा उघडी, दमट असेल, तर माझं मत चिकटवायच्या बाजूने जातं. लावताना एक तास चिडचिड होते, नंतर फिल्म आहे हेच आठवत नाही. मॅट पॅनेलच बदलून घेणं हाही मार्ग आहे, साध्या बिनटच लॅपटॉपला कारागीर ते करतो, पण वॉरंटी संपलेली असेल तरच विचारा.

घेताना इंच सांगून घेऊ नका, पट्टी लावून मोजा. १४ इंची स्क्रीनची रुंदी आणि उंची १६:९ प्रमाणात असेल तर उंची सुमारे १७४ मिलिमीटर, १६:१० असेल तर १८८. चुकीची आणली तर खाली बोटभर पट्टा उघडा राहतो. दुकानात ‘ग्लेअर’ म्हटलं की कधीकधी प्रायव्हसी फिल्म पुढे येते. ती बाजूने बघणाऱ्यासाठी असते, स्क्रीन चांगलीच काळोखी करते, पडवीत तर नकोच. आणि झाकण ज्या कोपऱ्यात बोट घालून उघडता तिथे फिल्म हटकून सुटते, म्हणून मधे धरून उघडायची सवय लावा. लावायची असेल तर जुलै-ऑगस्ट गाठा, दिवाळीनंतर रस्ते सुकले की धूळ परत सुरू.