काचबिंदूचे इम्प्लांट असलेल्या रुग्णाचा एमआरआय: पुण्यातील एका तपासणी केंद्राविषयी

माझ्या आईच्या उजव्या डोळ्यात काचबिंदूसाठी अहमद व्हॉल्व्ह (डोळ्यातले पाणी बाहेर काढून दाब कमी करणारी झडप) बसवलेला आहे. तिला कमरेचा एमआरआय सांगितला गेला, तेव्हा केंद्र निवडताना आम्ही दरापेक्षा तेथे चौकशी कशी होते याकडे अधिक लक्ष दिले. पहिल्या केंद्राने इम्प्लांट कोणते हे न विचारताच, डोळ्यात काही बसवलेले असेल तर एमआरआय होत नाही, असे फोनवर सांगून टाकले. अशा उत्तरामुळे गरजेची तपासणी विनाकारण अडते.

दुसऱ्या केंद्रात मात्र डोळ्याच्या ऑपरेशनचा उल्लेख होताच टेक्निशियनने नाव-नोंदणी थांबवून रेडिओलॉजिस्टना बोलावले. त्यांनी डिस्चार्ज कार्डावर चिकटवलेले उत्पादकाचे स्टिकर मागितले, त्यावरील एफपी ७ हे मॉडेल उत्पादकाच्या माहितीशी ताडून पाहिले आणि मगच होकार दिला. या व्हॉल्व्हची नळी व तबकडी सिलिकॉनची आणि झडपेचे आवरण पॉलिप्रॉपिलिनचे असते. धातूच नसल्यामुळे चुंबकाने ओढले जाण्याचा किंवा तापण्याचा प्रश्न येत नाही. आपल्याकडे बऱ्याच रुग्णांना बसवले जाणारे मदुराईच्या ऑरोलॅबचे आडी इम्प्लांटही सिलिकॉनचेच आहे. याउलट काचबिंदूसाठीच बसवल्या जाणाऱ्या इतर इम्प्लांटपैकी एक्स-प्रेस शंट स्टेनलेस स्टीलचा, आयस्टेंट टायटॅनियमचा आणि हायड्रस निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूचा असतो. ती बसवलेल्या रुग्णांचाही एमआरआय होऊ शकतो, पण उत्पादकाने घातलेल्या अटी पाळून, आणि त्यासाठी यंत्र किती टेस्लाचे (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजण्याचे एकक) आहे हे पाहावेच लागते. म्हणूनच ‘डोळ्यात इम्प्लांट आहे’ एवढ्या माहितीवर दिलेला होकार मला नकाराइतकाच बेजबाबदार वाटतो.

तेथे विचारलेला आणखी एक प्रश्न मला विशेष महत्त्वाचा वाटला: लेथ, ग्राइंडिंग किंवा वेल्डिंगचे काम करताना डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का? असा कण एमआरआयच्या चुंबकीय क्षेत्रात हलून एका डोळ्याची दृष्टी गेल्याची नोंद १९८६ साली वैद्यकीय नियतकालिकात झालेली आहे, त्यामुळे खरी भीती तेथे आहे. काही प्रसाधनांत लोहयुक्त रंगद्रव्ये असतात, म्हणून आईला ओला कापूस देऊन डोळ्यांतले काजळही पुसायला लावले. तपासणी १.५ टेस्लाच्या यंत्रात झाली आणि तिला डोळ्यात कोणताही त्रास जाणवला नाही.

उणीव आहे ती अर्जात. तो केवळ इंग्रजीत आहे आणि त्यात ‘शरीरात धातू आहे का’ एवढाच एक रकाना आहे. ऑपरेशन केलेल्या डोळ्याला, इम्प्लांटच्या मॉडेलला किंवा ऑपरेशनच्या तारखेला त्यात जागाच नाही. टेक्निशियन जागरूक होता म्हणून भागले. पण गर्दीच्या दिवशी सगळी भिस्त एका माणसाच्या सावधपणावर ठेवता येणार नाही, म्हणून केंद्राने मराठीत सविस्तर अर्ज तयार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रतीक्षा बरीच करावी लागली, तरीही काचबिंदूच्या रुग्णांना मी हेच केंद्र सुचवीन. ज्यांच्याकडे स्टिकर नाही, त्यांनी ऑपरेशन झालेल्या रुग्णालयातून मॉडेलचे नाव आधी लेखी आणावे, कारण त्याशिवाय येथे तपासणीची वेळ दिली जात नाही आणि ती न देणेच योग्य आहे.