टीएसएच नॉर्मल, आणि माझे ६६,३७९ रुपये

६६,३७९ रुपये. आकडा शेवटच्या रुपयापर्यंत लिहितेय, कारण "पन्नास-साठ हजार गेले" असं मोघम सांगितलं की ऐकणारे "अरेरे" म्हणतात आणि पुढच्या विषयाला लागतात. ज्यांचं वजन काही केल्या उतरत नाही आणि थायरॉईडचा रिपोर्ट मात्र दर वेळी नॉर्मल येतो, त्यांनी तरी हे शेवटपर्यंत वाचावं. वजन उतरवून देतो म्हणून फसवणारे सेंटरवाले नेमके तुम्हालाच शोधत असतात.

मी गोव्यातल्या डिचोलीची. वय ४३, सरकारी कचेरीत कारकून. "जिभेवर ताबा नसेल" म्हणणाऱ्यांना आधीच सांगते: घरात पाव यायचा तो फक्त मुलांसाठी. उकड्या तांदळाचा भात मोजून एक वाटी, हुमणातलं, म्हणजे माशांच्या आमटीतलं, खोबरं निम्म्यावर, बांगडा तळायचा बंद, फक्त तिखल्यातला, म्हणजे तिखट रश्श्यातला. सकाळी मयेच्या रस्त्याला पाऊण तास चालणं. तरी वजन ७७ किलोच. टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीत मोजतात ते हॉर्मोन) २.३१, लॅबच्या कागदावर मर्यादा छापलेली ०.४ ते ४. डॉक्टर कागद बघायचे, "थायरॉईड नॉर्मल आहे, खाणं कमी करा" म्हणायचे आणि पुढच्या पेशंटला हाक मारायचे. थायरॉईड नाही तर मग काय, हे एकानेही शोधलं नाही. माझा राग फसवणाऱ्यांवर आहे तितकाच त्या एका वाक्यावरही आहे. असं ऐकून बाहेर पडलेली बाई जो कोणी दहा मिनिटं ऐकून घेईल त्याच्याकडे जाणारच.

ऐकून घेणारे म्हापशात भेटले. वजन कमी करून देणाऱ्या एका सेंटरचं मोफत शिबिर होतं. यंत्रावर अनवाणी उभं केलं, मुठी धरायला दिल्या आणि कागद निघाला: शरीराचं वय ५८. अशी यंत्रं शरीरातून बारीकसा वीजप्रवाह सोडून चरबीचा अंदाज बांधतात. पाणी किती प्यायलात, जेवून आलात की उपाशी, यानेही त्यातले आकडे हलतात. हे मला नंतर कळलं. तेव्हा डोळ्यांसमोर फक्त ५८ होते.

पांढऱ्या कोटातल्या गृहस्थांनी माझा रिपोर्ट हातात घेतला. "ताई, टीएसएच मेंदूतून येतं. म्हणजे हा रिपोर्ट मेंदूचा झाला. तुमचा थायरॉईड पेशींच्या आत झोपलाय, तो या टेस्टमध्ये दिसत नाही." घरी येऊन मी ते पडताळून पाहिलं. टीएसएच खरंच मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं. एक भाग खरा निघाला की उरलेल्यावरही विश्वास बसतो, आणि या लोकांना ते पक्कं ठाऊक असतं. उरलेला भाग त्यांनी लपवला तो असा: थायरॉईड मंदावला की पिट्युटरी जोर लावते आणि टीएसएच चढतं. म्हणून ते मधोमध असेल तर बहुतेक वेळा थायरॉईड ठीकच असतो. आणि थायरॉईड खरोखर मंदावला तरी त्यामुळे वाढणारं वजन साधारण दोन-चार किलोच असतं, त्यातही बराच भाग अंगात साठलेल्या मीठ-पाण्याचा.

आता ती गोष्ट, जी अजून रात्री आठवली की अंगाचा तिळपापड होतो. सेंटरच्या पॅकेजचे पैसे भरले त्याच दुपारी पहिलं वजन घेतलं. मी जेवून आलेली, पायात सँडल, खांद्याला पर्स, पर्समध्ये पाण्याची बाटली. मी म्हटलं, "सँडल काढते, पर्स ठेवते." काउंटरवरची मुलगी म्हणाली, "नको मॅडम, त्याने काही फरक पडत नाही." फाइलवर लिहिलं ७९.८. पुढच्या आठवड्यापासून कडक नियम: सकाळी उपाशीपोटी यायचं, चप्पल बाहेर, ओढणीसुद्धा खुर्चीवर. ७६.९! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फाइल हातात धरून माझा फोटो काढला. घरच्या काट्यावर मी ७६.६ होते, म्हणजे ७७ वरून चारशे ग्रॅम. मी तिथल्या तिथे विचारलं होतं, पहिल्या दिवशी सँडल का चालल्या. "घरचे काटे फसवतात ताई," असं उत्तर आलं आणि दुसऱ्या बायकांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मीच शुभकार्यात विघ्न आणतेय. अर्जावरची तारीख चुकली तर अर्ज परत पाठवणारी मी. पण ७६.९ हा आकडा मला हवा होता, दीड वर्षांत तो मला कोणी दिला नव्हता. कोणीही पहिलं वजन चपला-पर्ससकट घेतलं तर तिथूनच परत फिरा. पुढचं काहीही ऐकू नका.

पैशांचा हिशेब. नोंदणी ४९९. पॅकेज ३६,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणून ६,४८०, आणि पावतीवर जीएसटी क्रमांकाच्या जागी कोरी रेघ. "खोल थायरॉईड तपासणी" ४,८००. तिचा रिपोर्ट सेंटरच्याच कागदावर आला, लॅबचं नाव नाही, पॅथॉलॉजिस्टची सही नाही. पावडरचे ४ डबे, प्रत्येकी ३,२५०, म्हणजे १३,०००. "मेटाबॉलिझम कॅप्सूल" २ बाटल्या, प्रत्येकी २,८००, म्हणजे ५,६००. छापील पावती फक्त पॅकेजची आणि त्या जीएसटीची. बाकी सगळं यूपीआयने, आणि पैसे जायचे एका बाईच्या नावच्या खात्यात. "अकाउंटंट मॅडमचं खातं आहे," म्हणे. पैसे पाठवण्याआधी पडद्यावर जे नाव येतं ते वाचा. ते दुकानाचं नसेल तर थांबा.

कॅप्सूल सुरू झाल्यावर वजन खरंच उतरलं. ७३.२. सोबत हात थरथरायला लागले, रात्री झोप नाही, छातीत धडधड. सेंटरवाले म्हणाले, चरबी जळतेय. शेवटी एके रात्री नाडी ११८ लागली आणि नवऱ्याने मला गाडीत घालून इस्पितळात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने टीएसएच काढलं. ०.०६, मर्यादेच्या खूप खाली. अंगात थायरॉईडचं हॉर्मोन जास्त झालं की ते असं पडतं. तिने पहिला प्रश्न केला, "थायरॉईडची गोळी घेता का?" मी नाही म्हटलं. मग कॅप्सूलची बाटली दाखवली. तिने ती फिरवून पाहिली: घटकांची यादी नाही, बॅच नंबर नाही, एफएसएसएआयचा (सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक नाही. तिच्या मते त्यात थायरॉईडचं हॉर्मोन मिसळलेलं असावं. निरोगी माणसाला ते देणं म्हणजे हृदयाची लय बिघडवणं आणि हाडं झिजवणं. कॅप्सूल बंद केल्या. दीड महिन्याने टीएसएच १.९४ आलं आणि वजन ७६ च्या वर.

ज्या बाईच्या थायरॉईडमध्ये काहीच बिघाड नव्हता, तिचा थायरॉईडचा रिपोर्ट या लोकांनी बिघडवला. त्यासाठी माझ्याकडून पैसे घेतले.

परतावा मागितला तर पावतीच्या मागची बारीक अक्षरं दाखवली: एकदा भरलेली रक्कम परत मिळणार नाही, वाद झाल्यास न्यायक्षेत्र बेंगळुरू. पोलीस ठाण्यात गेले. हवालदाराने अर्धं ऐकलं आणि म्हणाला, "बाये, हें सिव्हिल मॅटर. आमच्यांत येना. ग्राहक मंचांत वचात." म्हणजे हे दिवाणी प्रकरण, आमच्याकडे येत नाही, ग्राहक मंचात जा. खोटं सांगून पैसे उकळणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालचा गुन्हा आहे, हे मी त्याला सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, वजन कमी झालं होतं ना? मग फसवणूक कुठे? अर्जाची पोच मागितली तर साहेब राउंडवर.

मग औषधांवर आणि खाद्यपदार्थांवर देखरेख ठेवायला बसवलेल्या कार्यालयात. पहिल्या टेबलावर म्हणाले, हे औषध नाही, आहारपूरक आहे, पलीकडच्या टेबलावर जा. पलीकडे म्हणाले, कॅप्सूल आहे म्हणजे औषध, अलीकडे जा. परत अलीकडे आले तर बाटलीचं सील फोडलेलं, नमुना चालणार नाही. सील न फोडता मी कॅप्सूल गिळायच्या कशा? औषध व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ प्रमाणे कोणीही ग्राहक शुल्क भरून विकत घेतलेलं औषध सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकतो. मी कारकून आहे, अर्ज कसा लिहायचा आणि आवक क्रमांक कसा मागायचा हे मला कळतं. मला ही वागणूक, तर ज्या बाईला कचेरीची पायरी माहीत नाही तिचं काय होत असेल? लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायलाच १९५४ च्या जादूटोणा-औषध जाहिरातींच्या कायद्याने बंदी आहे, लठ्ठपणाचं नाव त्याच्या परिशिष्टात लिहिलेलं आहे. तरी ते फलक भर रस्त्यावर लागतात, आणि त्याच रस्त्याने या कार्यालयांच्या गाड्या रोज जातात. कोणाला दिसत नाहीत? बँकेत गेले तर तिथे वेगळंच, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काय करणार.

शेवटी ग्राहक आयोगात तक्रार केली, ई-जागृती पोर्टलवरून. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. आणि ते बेंगळुरूचं वाक्य तुम्हाला घाबरवण्यासाठी असतं. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. दोन वर्षांच्या आत करा. बिल न देणं ही स्वतंत्रपणे अनुचित व्यापार प्रथा ठरते, ते तक्रारीत वेगळं लिहा. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथे नोंद क्रमांक तरी मिळतो. बाटल्या, डबे फेकू नका. माझी एक रिकामी बाटली घर साफ करताना गेली, तिचं आता मला वाईट वाटतंय. व्हॉट्सॲपवरचे मेसेज आज रात्रीच दुसरीकडे उतरवून ठेवा, ती माणसं ते डिलीट करतात.

पांढरा कोट बघून कोणालाही डॉक्टर म्हणू नका. नोंदणी क्रमांक विचारा आणि गोवा मेडिकल कौन्सिलकडे विचारून घ्या. माझ्या "डॉक्टरां"नी क्रमांक विचारल्यावर व्हिजिटिंग कार्ड दिलं होतं.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं झालं, ते वजन का उतरत नव्हतं, ते. इस्पितळातल्या त्याच तरुण डॉक्टरने विचारलं, रात्री कुठली गोळी घेता? अर्धशिशीसाठी मी फ्लुनारिझिन घेत होते. भूक आणि वजन वाढणं हा तिचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. आधीच्या एकाही डॉक्टरने मला ते विचारलं नव्हतं, सेंटरच्या आठ पानी फॉर्ममध्येही तो रकाना नव्हता. आता न्यूरॉलॉजिस्टनी गोळी बदलून दिली आहे. स्वतःहून कोणी बंद करू नका, पण डॉक्टरांपुढे बसाल तेव्हा घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, आणि घोरता का, पाळी नियमित आहे का, साखर किती, हे त्यांनी विचारलं नाही तर तुम्हीच सांगा. थायरॉईड नॉर्मल म्हटल्यावर खुर्चीतून उठू नका.

म्हापशातलं सेंटर बंद आहे. आयोगाची नोटीस "पत्त्यावर कोणी नाही" म्हणून परत आली. गेल्या आठवड्यात माझ्या नणंदेने मडगावहून फोटो पाठवला: वेगळं नाव, तेच यंत्र, काउंटरवर तीच मुलगी, आणि दारात "चवथीआधी मोफत तपासणी" असा फलक. नवा पत्ता मी आयोगाला कळवला आहे. मडगाव, फोंडा, कुडचडे भागातल्या बायकांनी ओळखीच्या प्रत्येकीला हे सांगा, आणि ज्यांनी तिथे आधीच पैसे भरले असतील त्यांनी उरलेले हप्ते आजच थांबवा.