व्हाइट टायगर्सचं सी हॅरियर: लॅकर, ॲक्रिलिक की इनॅमल?

गोव्यातल्या दाबोळीच्या आयएनएएस 300, म्हणजे नौदलाच्या ‘व्हाइट टायगर्स’ स्क्वाड्रनच्या सी हॅरियर लढाऊ विमानाचं प्लॅस्टिक मॉडेल करायचं असेल, तर रंग घेण्याआधी साल ठरवा. 1983 च्या डिसेंबरात गोव्यात उतरलेली एफआरएस 51 प्रकारची सी हॅरियर विमानं वरून एक्स्ट्रा डार्क सी ग्रे आणि खालून पांढरी होती. 2016 ला निवृत्त झाली तेव्हा ती पूर्ण राखाडी होती. शस्त्रंही बदलली. आधी फ्रेंच मात्रा मॅजिक क्षेपणास्त्रं, पुढे एल्टा कंपनीचं 2032 रडार बसल्यावर इस्रायली डर्बी क्षेपणास्त्रं. पांढऱ्या पोटाच्या विमानाला डर्बी लावली की दोन वेगवेगळे काळ एकाच मॉडेलवर येतात, आणि ते लगेच खटकतं. इथली तुलना पहिल्या, म्हणजे पांढऱ्या पोटाच्या रूपासाठी आहे.

वरच्या गडद राखाडीचा ब्रिटिश रंग-मानकातला क्रमांक बीएस 381सी-640. अमेरिकन रंग-मानकातल्या एफएस क्रमांकाचा पहिला आकडा रंग चकचकीत की मॅट ते सांगतो. ब्रिटिश क्रमांकात तशी सोय नाही. त्यामुळे चमक किती ठेवायची ते त्या सालच्या फोटोवरून ठरवा आणि शेवटच्या वार्निशने आणा.

एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन, असेल तर आमची पसंती लॅकरला, म्हणजे तीव्र थिनरमधल्या, झटपट वाळणाऱ्या रंगाला: मिस्टर कलर सी 333. एक भाग रंगाला दीड ते दोन भाग लेव्हलिंग थिनर, 0.3 मिलिमीटरचं नोझल, हवेचा दाब 12 ते 15 पीएसआय. थर पातळ बसतो, पॅनेलच्या रेषा बुजत नाहीत, आणि तासाभरात टेप लावली तरी रंग उखडत नाही. त्रास होतो तो पावसाळ्यात. थिनर भराभर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि गडद रंगावर पांढरट धुरकटपणा येतो. लेव्हलिंग थिनर हळू वाळतो म्हणून हे कमी होतं. तरी झालंच, तर नुसत्या थिनरचा एक हलका हात मारा, बहुतेक वेळा जातं. थिनरची वाफ मात्र अंगाला बाधते. सेंद्रिय वाफेसाठीचं कार्ट्रिज असलेला मास्क आणि हवा बाहेर फेकणारा पंखा हवाच. एन 95 ने वाफ अडत नाही.

बंद फ्लॅटमध्ये हे जमत नसेल तर व्हॅलेहोसारखा पाण्याचा ॲक्रिलिक घ्या. वास कमी, धुणं सोपं. पण प्रायमरशिवाय, म्हणजे आधी मारायच्या अस्तराशिवाय, तो प्लॅस्टिक धरत नाही आणि टेपबरोबर सोलून येतो, म्हणून प्रायमर मारा आणि टेप लावायला पूर्ण दिवस थांबा. एअरब्रशच्या सुईच्या टोकावर रंग वाळून गोळा होतो तेव्हा दाब वाढवू नका. रंग वाळणं लांबवणाऱ्या रिटार्डरचे दोनेक थेंब घाला आणि टोक ओल्या कापसाने पुसत राहा. मिस्टर कलर बनवणाऱ्या गुन्झे कंपनीचाच एच 333 हा मधला पर्याय: वास लॅकरपेक्षा सौम्य आणि पकड पाण्याच्या रंगापेक्षा चांगली.

इनॅमलमधला, म्हणजे हळू वाळणाऱ्या तैलरंगातला, हम्ब्रोल 123 फक्त ब्रशने रंगवणाऱ्यांसाठी. ब्रशच्या खुणा आपोआप सपाट होतात, पण दमट हवेत दोन-दोन दिवस वाळत नाही.

कुठलाही रंग घ्या, पांढरा आधी मारा. लॅकरमध्ये त्यासाठी सी 316 आहे. गडद राखाडीवर पांढरा झाकायला इतके थर लागतात की चाकांच्या दारांच्या कडा गोल होतात. 1/72 मापाच्या मॉडेलवर शुद्ध 640 राखाडी जवळजवळ काळा दिसतो. त्यात दहाव्या हिश्शाइतका पांढरा मिसळावा.

विमानावरच्या तिरंगी गोल चिन्हातला केशरी गडद रंगावर मळकट दिसतो, कारण डिकॅलची, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्राची, शाई थोडी पारदर्शक असते. खाली त्याच मापाची पांढरी डिकॅल चकती बसवा.

क्षेपणास्त्रांत बहुतेक किट फसवतात: रॉयल नेव्हीच्या विमानासाठी असल्याने आत साइडवाइंडर असतात. मॅजिक 2.72 मीटर लांब आणि 157 मिलिमीटर जाड. म्हणजे 1/48 ला सुमारे 57 आणि 3.3 मिलिमीटर. साइडवाइंडर त्या मापात फक्त 2.6 जाड, त्यामुळे नाक घासून भागत नाही. मॅजिकला पुढे पंखांच्या दोन रांगा असतात, आधी स्थिर आणि मागे हलणारी. मिराज एफ 1 किंवा मिराज 2000 च्या किटमधली उचलावी.

पायलॉन (पंखाखाली शस्त्रं टांगायचे खांब) आणि पॅनेल बघायला बोगमाळ्याचं नौदल विमान संग्रहालय उत्तम. रंगाची छटा मात्र तिथे जुळवू नका; उघड्यावरची विमानं उन्हाने विटतात आणि पुन्हा रंगवली जातात.